साताऱ्या-सांगलीकडे घरच्या घरी टीव्ही रेकॉर्डिंग : नेटवर्क ट्यूनर कसा निवडावा

घरातील एका कोपऱ्यात ठेवलेल्या लहानशा पेटीने टीव्हीचा सिग्नल घ्यावा, तो राउटरमार्फत सगळ्या खोल्यांतील टीव्ही, मोबाइल आणि लॅपटॉपपर्यंत पोहोचवावा आणि ठरलेल्या वेळी ठरलेला कार्यक्रम हार्ड डिस्कवर उतरवून ठेवावा, ही सोय करणाऱ्या पेटीला नेटवर्क टीव्ही ट्यूनर म्हणतात. एकदा ती बसली की सातच्या बातम्या रात्री दहाला पाहता येतात आणि त्यासाठी दरमहा कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. अडचण एवढीच आहे की या विषयावरचे बहुतेक मार्गदर्शन अमेरिकेतील किंवा युरोपातील वाचकांसाठी लिहिलेले असते. ते वाचून साताऱ्यात किंवा सांगलीत बसून पेटी मागवली, तर ती पूर्णपणे चांगल्या स्थितीत असूनही तिच्यावर एकही वाहिनी लागत नाही. म्हणून खरेदीचा क्रम उलटा ठेवावा : आधी आपल्या आकाशात काय आहे ते पाहावे, मग डिश आणि केबल, त्यानंतर ट्यूनर आणि सर्वांत शेवटी संगणक व डिस्क.

१. आपल्या भागात नेमके काय पकडता येते

परदेशी लेखांत ज्या प्रसारणाचे रेकॉर्डिंग गृहीत धरलेले असते, ते जमिनीवरील मनोऱ्यावरून थेट घरच्या अँटेनावर येणारे प्रसारण असते. आपल्याकडेही एके काळी छपरावरच्या अॅल्युमिनियमच्या अँटेनावर दूरदर्शन दिसत असे. मात्र प्रसार भारतीने ही अॅनालॉग प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद केली आणि २०२२ च्या सुमारास देशातील मोजकी केंद्रे सोडली तर बाकीची इतिहासजमा झाली. दूरदर्शनने २०१६ मध्ये सोळा शहरांत डीव्हीबी-टी२ या डिजिटल पद्धतीचे प्रसारण सुरू केले होते, पण त्यांत महाराष्ट्रातील मुंबई आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ही शहरे होती, सातारा-सांगली नव्हती. सह्याद्रीच्या रांगा ओलांडून मुंबईचा सिग्नल कराडच्या किंवा मिरजेच्या गच्चीवर येईल, अशी आशा कोणत्याही अँटेनाकडून धरू नये.

मग उरतात तीन मार्ग. केबल आणि खाजगी कंपन्यांची डीटीएच सेवा यांचा सिग्नल कुलूपबंद असतो. तो त्यांच्याच बॉक्समध्ये आणि त्यांच्याच कार्डाने किंवा चिपने उघडतो, त्यामुळे आपल्या ट्यूनरला त्याचा उपयोग नाही. तिसरा मार्ग डीडी फ्री डिशचा. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही सेवा आज ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. सह्याद्री वाहिनी, दूरदर्शनच्या राष्ट्रीय, बातम्यांच्या आणि क्रीडा वाहिन्या, डीडी किसान आणि लिलावात जागा घेतलेल्या अनेक खाजगी वाहिन्या तिच्यावर मिळतात. घरातील रेकॉर्डिंगसाठी आपल्या दोन्ही जिल्ह्यांत खात्रीने चालणारा मार्ग हाच आहे, आणि या लेखातील पुढचे सगळे त्याच्याच भोवती आहे.

खाजगी उपयोगासाठी प्रसारणाचे रेकॉर्डिंग करणे कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ३९ नुसार प्रसारकाच्या हक्काचा भंग ठरत नाही. तोच कार्यक्रम यूट्यूबवर चढवणे किंवा गावच्या हॉलमध्ये तिकीट लावून दाखवणे ही निराळी गोष्ट झाली.

२. ट्यूनरच्या खोक्यावर कोणती अक्षरे असावीत

ट्यूनर विकत घेताना कंपनीच्या नावाआधी त्याची पद्धत पाहावी. एटीएससी असे लिहिलेला ट्यूनर अमेरिकेसाठी असतो. डीव्हीबी-टी किंवा टी२ म्हणजे जमिनीवरील प्रसारण, डीव्हीबी-सी म्हणजे केबल आणि डीव्हीबी-एस किंवा एस२ म्हणजे उपग्रह. एमपेग म्हणजे चित्र दाबून पाठवण्याची पद्धत. फ्री डिशवर एमपेग-२ वाहिन्या डीव्हीबी-एस पद्धतीने आणि एमपेग-४ वाहिन्या डीव्हीबी-एस२ पद्धतीने येतात. एस२ ट्यूनर दोन्ही घेतो, त्यामुळे एस२ याहून कमी काही घेऊ नये आणि एस२एक्स वगैरे पुढच्या आवृत्तीसाठी जास्तीचे पैसेही मोजू नयेत.

दोन वस्तूंपासून विशेष सावध राहावे, कारण इंटरनेटवर त्यांचीच शिफारस सर्वांत जास्त सापडते. पहिली म्हणजे एचडीहोमरन. हे नेटवर्क ट्यूनरचे यंत्र त्याच्या ठरलेल्या कामात उत्तम आहे, पण त्याची प्रचलित मॉडेल्स मनोऱ्यावरील प्रसारणासाठी किंवा केबलसाठी आहेत. दुसरी म्हणजे रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकासाठी २०१८ मध्ये आलेला टीव्ही हॅट हा जोड-ट्यूनर. तोही फक्त डीव्हीबी-टी आणि टी२ घेतो. डिशची वायर या दोन्हींना जोडण्यात काही अर्थ नाही.

३. डिश, एलएनबी आणि केबल

ज्यांच्या घरी फ्री डिशची छत्री आधीच बसलेली आहे, त्यांनी हा भाग वाचण्यापूर्वी बॉक्सच्या मेनूत जाऊन सिग्नलची गुणवत्ता पाहून घ्यावी. तेथे दोन पट्ट्या असतात. वरची, म्हणजे ताकदीची पट्टी जवळजवळ नेहमीच भरलेली दिसते आणि ती काहीच सांगत नाही. निर्णय गुणवत्तेच्या पट्टीवरून घ्यायचा. खाजगी डीटीएचची जुनी छत्री सहसा दुसऱ्या उपग्रहाकडे पाहत असते, म्हणून ती वळवावी लागते किंवा दुसरी बसवावी लागते.

नव्याने बसवायची असल्यास दिशा आणि उंचीचा कोन आधीच ठाऊक असलेला बरा. सातारा शहरातून जीसॅट-१५ साधारण १३१ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून सुमारे साठ अंश उंचीवर असतो. सांगलीतून दिशा १३० अंश आणि उंची साडेसाठ अंशांच्या आसपास येते. मोबाइलमधील होकायंत्र चालते, कारण चुंबकीय उत्तर आणि खरे उत्तर यांतील फरक आपल्याकडे एक अंशाहूनही कमी आहे. फक्त ते लोखंडी जिन्याजवळ किंवा गच्चीच्या सळयांजवळ धरून पाहू नये. साठ अंश उंचीचा मोठा फायदा असा की दूरचे डोंगर आड येत नाहीत. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनाही बहुतेक ठिकाणी अडचण येऊ नये. अडथळा होतो तो जवळच्या वस्तूंचा : त्या दिशेला दहा फुटांवर नारळ असेल आणि त्याचा शेंडा डिशपेक्षा सतरा फुटांहून उंच असेल, तर झावळ्या सिग्नलच्या वाटेत येतील. पाण्याच्या टाकीलाही हाच हिशेब लावावा, म्हणजे अंतराच्या पावणेदोन पटीहून कमी उंची असेल तर हरकत नाही.

ऑफसेट प्रकारची डिश पाहताना नवख्या माणसाची हमखास फसगत होते. तिचा तवा जेथे पाहताना दिसतो, त्याहून बरीच वर तिची खरी नजर असते, त्यामुळे डोळ्यांच्या अंदाजाने ती 'आणखी थोडी वर' करण्याचा मोह टाळून मागच्या पट्टीवरील अंशांच्या खुणांवर विश्वास ठेवावा. शिवाय ९५ अंशांवर एका खाजगी डीटीएच सेवेचे उपग्रह आहेत, म्हणजे आपल्या उपग्रहापासून अवघ्या दीड अंशावर. स्वस्त मीटर तेथेही आनंदाने वाजतो. म्हणून मीटर वाजला म्हणजे काम झाले असे न मानता, डिशवाला गच्चीवर असतानाच खाली बॉक्सवर सह्याद्री वाहिनी प्रत्यक्ष लागलेली पाहावी आणि मगच बोल्ट आवळायला सांगावेत. एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरील सिग्नल पकडणारी डबी) तिच्या पकडीत डावीउजवीकडे हळूहळू फिरवून गुणवत्ता जेथे सर्वाधिक दिसेल तेथे घट्ट करणे, हे दोन मिनिटांचे काम बरेच जण वगळतात.

सांगली, मिरज, तासगाव या भागांत साठ सेंटिमीटरची डिश पुरते. पाटण, कोयना, जावळी, महाबळेश्वर या पट्ट्यात मात्र नव्वद सेंटिमीटरची घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण केयू बँडचा (फ्री डिश ज्या उच्च फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यात येते त्याचा) सिग्नल जोरदार पावसात क्षीण होतो आणि रेकॉर्डिंगच्या वेळी आपण समोर बसलेलो नसतो. टीव्ही पाहताना चित्र दोन मिनिटे गेले तर आपण चहा टाकतो. रेकॉर्डिंगमध्ये मात्र तीच दोन मिनिटे कायमची गेलेली असतात. अर्थात ढगफुटीसारख्या पावसापुढे मोठी डिशही हात टेकते, आणि मोठी डिश वारा जास्त धरते; चाळकेवाडी-ठोसेघरच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. तेव्हा पाइप भिंतीला अँकर बोल्टने पक्का करावा, विटा ठेवून भागवू नये.

केबल आरजी-६ घ्यावी, एफ कनेक्टर दाबून बसवण्याचा घ्यावा आणि बाहेरच्या प्रत्येक जोडावर पाणी न शिरणारी टेप गुंडाळावी. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसाबरोबर विजा कडाडतात, म्हणून डिशच्या पाइपाला आणि केबलच्या बाहेरच्या जाळीला अर्थिंग द्यावे आणि आभाळ भरून आले की केबल ट्यूनरमधून काढून ठेवावी.

४. किती ट्यूनर लागतील

या प्रश्नाचे उत्तर वाहिन्यांच्या संख्येवर नव्हे, तर ट्रान्सपॉन्डरच्या संख्येवर अवलंबून असते. उपग्रह एका ट्रान्सपॉन्डरवरून अनेक वाहिन्या एकत्र बांधून पाठवतो आणि एक ट्यूनर एका वेळी असा एक गठ्ठा उचलतो. २९.५ मेगासिम्बॉल प्रति सेकंद आणि तीन-चतुर्थांश एफईसी (म्हणजे एक-चतुर्थांश भाग चूक-दुरुस्तीसाठी राखलेला) असलेल्या डीव्हीबी-एस ट्रान्सपॉन्डरवर सुमारे ४०.८ मेगाबिट प्रति सेकंद एवढी माहिती येते आणि ती त्यावरील सर्व वाहिन्यांत वाटली जाते. आपल्याला हव्या असलेल्या दोन वाहिन्या एकाच ट्रान्सपॉन्डरवर असतील, तर योग्य सॉफ्टवेअर एकाच ट्यूनरवर त्या दोन्ही एकाच वेळी रेकॉर्ड करू शकते. म्हणून कागदावर घरातील नेहमीच्या सात-आठ वाहिन्या लिहाव्यात, बॉक्सच्या माहितीच्या पडद्यावरून प्रत्येकीची फ्रिक्वेन्सी आणि पोलरायझेशन (लहरींची उभी किंवा आडवी दिशा) त्यांच्यापुढे मांडावे आणि एकाच वेळी जास्तीत जास्त किती वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी लागतील ते मोजावे. बहुतेक घरांत दोन ट्यूनर पुरेसे ठरतात. चार ट्यूनरची पेटी एकत्र कुटुंबासाठी ठीक आहे. तिघांच्या घरात तिचे दोन ट्यूनर वर्षभर रिकामेच राहतात.

याच यादीवरून एलएनबीही ठरते. ट्यूनर केबलमधून १३ व्होल्ट पाठवून उभे पोलरायझेशन मागतो आणि १८ व्होल्ट पाठवून आडवे मागतो. २२ किलोहर्ट्झचा सूर पाठवला की एलएनबी वरच्या बँडकडे जाते. हव्या त्या सगळ्या वाहिन्या एकाच पोलरायझेशनवर आणि एकाच बँडमध्ये असतील, तर साध्या एलएनबीची एकच केबल स्प्लिटरने दोन ट्यूनरना देता येते. यादीत दोन्ही पोलरायझेशन आली तर मात्र ट्विन किंवा क्वाड (दोन किंवा चार केबल निघणारी) एलएनबी घेऊन प्रत्येक ट्यूनरला स्वतंत्र केबल ओढावी, नाहीतर एका ट्यूनरने व्होल्टेज बदलले की दुसऱ्यावर चाललेले रेकॉर्डिंग तुटेल.

स्प्लिटर घेताना त्यावर छापलेला आकडा वाचावा. केबल टीव्हीचा साधा स्प्लिटर बहुधा १००० मेगाहर्ट्झपर्यंतच असतो. युनिव्हर्सल एलएनबी खालच्या बँडमध्ये ९७५० मेगाहर्ट्झ वजा करून सिग्नल खाली पाठवते, म्हणजे ११०९० मेगाहर्ट्झचा ट्रान्सपॉन्डर केबलमध्ये १३४० मेगाहर्ट्झवर येतो आणि केबलवाल्याच्या स्प्लिटरमध्ये तो जवळजवळ मरतो. उपग्रहासाठीचा, २४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा आणि वीज पुढे जाऊ देणारा स्प्लिटर मागून घ्यावा. दुकानदार 'सगळे सारखेच असते' म्हणेल. ते मान्य करू नये.

५. तीन प्रकारची यंत्रे आणि माझा कौल

पहिला आणि सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे यूएसबी रेकॉर्डिंगची सोय असलेला फ्री डिशचा बॉक्स. तो नेटवर्क ट्यूनर नव्हे, पण ज्यांना आठवड्यातून एक-दोन कार्यक्रमच जपून ठेवायचे आहेत त्यांनी येथेच थांबावे. विकत घेण्यापूर्वी दुकानातच पाच मिनिटांचे रेकॉर्डिंग करून तो पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून पाहावा, कारण काही बॉक्सची फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडत नाही. पेनड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यात चार जीबीहून मोठी फाइल बसत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

दुसरा प्रकार म्हणजे तयार सॅट-आयपी पेटी. सॅट-आयपी ही २०१२ मध्ये पुढे आलेली खुली पद्धत आहे. तिच्यात पेटी उपग्रहाचा सिग्नल घेऊन तो साध्या लॅन केबलवर सोडते आणि घरातील कोणतेही सुसंगत यंत्र तो मागून घेते. काम नीटनेटके होते, वीज कमी लागते आणि जुळवाजुळव फारशी नाही. पण या पेट्या मुख्यतः युरोपच्या बाजारासाठी बनतात. आयात शुल्क आणि परत पाठवण्याचा खर्च धरून किंमत काढावी, अॅडॉप्टर २३० व्होल्टवर चालतो ना हे पाहावे आणि संपूर्ण ट्रान्सपॉन्डर एकदम पाठवण्याची क्षमता तिच्यात आहे का, ते विक्रेत्याला लेखी विचारावे. काही पेट्या एका वेळी ठराविक प्रवाहच पुढे पाठवतात आणि मग चौथ्या मुद्द्यात सांगितलेला एकाच ट्यूनरवर दोन वाहिन्यांचा लाभ निसटतो.

तिसरा प्रकार म्हणजे यूएसबी किंवा पीसीआय-एक्सप्रेस (संगणकाच्या आत बसणारा) एस२ ट्यूनर घेऊन तो जुन्या संगणकाला किंवा रास्पबेरी पाय ४ ला जोडणे आणि त्यावर टीव्हीहेडएंड हे मोफत सॉफ्टवेअर चालवणे. मग तो संगणकच आपला नेटवर्क ट्यूनर होतो. टीव्हीहेडएंड इतर यंत्रांना सॅट-आयपी सर्व्हरसारखी सेवाही देऊ शकते. ज्याला लिनक्सची थोडी ओळख आहे, किंवा ज्याच्या घरात अभियांत्रिकीला शिकणारे कोणी आहे, त्याने हाच मार्ग घ्यावा, कारण बिघडलेला भाग एकटा बदलता येतो. खरेदीआधी ट्यूनरचा लिनक्स ड्रायव्हर (तो चालवणारा छोटा प्रोग्राम) मूळ कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे की वेगळा बसवावा लागतो, हे पाहणे अत्यावश्यक आहे. टीबीएस कंपनीच्या अनेक ट्यूनरना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि कर्नल अद्ययावत केला की तो पुन्हा बसवावा लागतो. एकाच नावाच्या ट्यूनरची आतली चिप आवृत्तीगणिक बदललेली असू शकते, म्हणून मॉडेलच्या नावापुढचा आवृत्तीचा आकडाही तपासावा. एलएनबीला वीज ट्यूनरच देतो. ज्या यूएसबी ट्यूनरला स्वतःचा अॅडॉप्टर नाही, तो या कामाला घेऊ नये.

६. नेटवर्क, डिस्क आणि वीज

ट्यूनर ते राउटर आणि राउटर ते रेकॉर्डिंगचा संगणक हे दोन्ही पल्ले लॅन केबलनेच जोडावेत. पाहण्यासाठी वाय-फाय चालेल. सॅट-आयपीचा प्रवाह सहसा यूडीपी या पोचपावती न घेणाऱ्या पद्धतीने जातो. वाटेत हरवलेले पॅकेट पुन्हा मागवले जात नाही आणि त्याचे चौकोनी डाग फाइलमध्ये कायमचे राहतात.

डिस्कचा हिशेब सोपा आहे. एक मेगाबिट प्रति सेकंदाची वाहिनी तासाला ४५० एमबी जागा घेते. अडीच मेगाबिटची वाहिनी धरली तर तासाला सव्वा जीबीहून थोडी कमी जागा लागते आणि एक टीबीच्या डिस्कवर साडेआठशेहून अधिक तास मावतात. सीसीटीव्हीसाठी विकल्या जाणाऱ्या हार्ड डिस्क सतत लिहिण्यासाठीच बनवलेल्या असतात आणि त्या सातारा-सांगलीच्या बाजारात सहज मिळतात, म्हणून त्याच घ्याव्यात. मेमरी कार्डावर रेकॉर्डिंग करू नये.

वीज गेली की चालू फाइल अर्धवट तुटते, म्हणून ट्यूनर, राउटर आणि संगणक तिन्ही एकाच यूपीएसवर असावेत. त्यातले एकही बाहेर राहिले तर बाकीचे दोन चालू राहून उपयोग नाही. सांगलीत कृष्णाकाठच्या पेठांत राहणाऱ्यांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आठवून सगळी यंत्रे वरच्या मजल्यावर ठेवावीत.

७. टीव्हीहेडएंडची पहिली जुळणी

संगणकाच्या ब्राउझरमध्ये त्याचा स्थानिक पत्ता आणि ९९८१ हा पोर्ट टाकला की टीव्हीहेडएंडचे पान उघडते. प्रथम ट्यूनर चालू करून एलएनबीचा प्रकार 'युनिव्हर्सल' ठेवावा. एकच उपग्रह असल्याने डायसेक (अनेक एलएनबींतून एक निवडण्याची सोय) बंदच ठेवावे. मग नेटवर्क तयार करून एका ट्रान्सपॉन्डरची फ्रिक्वेन्सी, पोलरायझेशन आणि सिम्बॉल रेट हाताने भरावा. हे आकडे बॉक्सवरून केलेल्या यादीत आधीच आहेत. तो ट्रान्सपॉन्डर लागला आणि वाहिन्या सापडल्या की मगच बाकीचे भरावेत, म्हणजे चूक कोठे आहे ते शोधायला सोपे जाते.

फ्री डिशवरील कार्यक्रम-पत्रिका अनेक वाहिन्यांसाठी अपुरी असते. त्यामुळे कार्यक्रमाच्या नावावर न विसंबता वेळेवर आधारित रेकॉर्डिंग लावावे, सुरुवातीला पाच आणि शेवटी दहा मिनिटे जास्तीची धरावीत आणि संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळत राहील अशी सोय करावी. फाइल टीएस स्वरूपात तयार होते. ती कोडी किंवा व्हीएलसी या प्लेअरवर जशीच्या तशी चालते. मोबाइलवर पाहण्यासाठी जेलीफिन हे घरच्या सर्व्हरवरून चित्रफिती दाखवणारे सॉफ्टवेअर वापरल्यास चित्राचे रूपांतर करावे लागू शकते आणि त्या कामाला रास्पबेरी पाय कमी पडते, जुना डेस्कटॉप मात्र निभावतो.

पहिल्या आठवड्यात रोज एक रेकॉर्डिंग करून टीव्हीहेडएंडच्या यादीत त्यापुढे दिसणारी त्रुटींची संख्या पाहावी. कोरड्या हवेतही ती शून्याच्या जवळ नसेल तर दोष डिशकडे किंवा जोडांकडे आहे. ट्यूनर बदलून काही साधणार नाही. खाजगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव साधारणपणे १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षासाठी होतो, त्यामुळे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काही वाहिन्या नाहीशा होतात, काही दुसऱ्या ट्रान्सपॉन्डरवर जातात आणि आधी लावून ठेवलेली रेकॉर्डिंगे रिकाम्या फाइली देऊ लागतात. त्या आठवड्यात सर्व ट्रान्सपॉन्डर नव्याने शोधून घ्यावेत आणि वेळापत्रकातील प्रत्येक नोंद नव्या वाहिनीला जोडलेली आहे की नाही ते एकदा तपासावे.